'आमच्या' मंडळीतून 'आपल्या' मंडळीत: एका स्वागताचं प्रकरण

पहिल्या रविवारी चर्चच्या दारात उभ्या असलेल्या गृहस्थांनी हसून म्हटलं, "आमच्या मंडळीत तुमचं स्वागत आहे." आठव्या रविवारी बाकावर शेजारी बसलेल्या बाईंनी गीतपुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि हळूच सांगितलं, "तिसरं कडवं आपण गाळतो."

मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. व्याकरणाच्या पुस्तकात हा फरक दोन ओळींत संपतो. मला मात्र त्या उंबऱ्यावर सात आठवडे उभं राहावं लागलं, आणि शेवटी कुणीतरी हाताला धरलं तेव्हाच मी आत आले.

हे हाताला धरणं नेमकं कसं झालं, मध्ये ते कुठे तुटलं, आणि त्याबद्दलचे आभार तोंडावर यायला चार वर्षं का लागली, ते इथे घडलं तसं मांडते आहे. त्या काळात मी रोजनिशी लिहीत होते, म्हणून रविवारांचे आकडे नेमके देता येतात. लिहिण्याआधी ताईला, म्हणजे गीतपुस्तक सरकवणाऱ्या त्या बाईंना, आणि मंडळीतल्या एका मावशींना विचारलं. नावं घालायची नाहीत, एवढीच दोघींची अट होती.

आधीची परिस्थिती

मी तेव्हा ३४ वर्षांची होते. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत पाळीचं काम, महिन्यातले दोन शनिवार रात्रपाळी. लहानपणी वडिलांबरोबर चर्चला जायचे, पण ते वेगळ्या पंथाचं होतं आणि तेही सुटून नऊ वर्षं झाली होती. वडील गेले आणि त्यानंतर रविवारची सकाळ घरात काढता येईना. एवढंच कारण होतं. कसलाही मोठा आध्यात्मिक शोध घेऊन मी तिथे गेले नव्हते.

मंडळी सव्वाशे माणसांची. उपासनाक्रम छापलेला असायचा, पण जे सगळ्यांना पाठ असतं ते छापायची कुणाला गरज वाटत नाही. कोणत्या प्रार्थनेला उभं राहायचं, कोणतं उत्तर मंडळीने मोठ्याने द्यायचं, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, वेळी ओळीने पुढे जायचं की जागेवर थांबायचं, यातलं काहीच कागदावर नव्हतं. मी शेवटच्या बाकावर, दाराच्या बाजूला बसायचे. पुढच्यांच्या पाठी बघून उठायचे, बसायचे. शेवटच्या आशीर्वादाआधी बाहेर पडायचे.

या सात रविवारांत माझ्याशी अकरा जण बोलले. हा आकडा मी मुद्दाम देते आहे, कारण ती मंडळी तुसडी नव्हती. अकरापैकी नऊ जणांनी विचारलं, कुठून आलात, काय करता. चौकशी मनापासूनची होती. पण मी उत्तर दिलं की बोलणं तिथेच थांबायचं. माझं उत्तर अडकवायला त्यांच्याकडे खुंटी नव्हती, आणि उलट काय विचारावं ते मला सुचत नव्हतं.

आठवा रविवार आणि त्यानंतर

त्या दिवशी माझ्या नेहमीच्या बाकावर एक बाई आधीच बसल्या होत्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मला जागा देण्यासाठी त्या आत सरकल्या, म्हणजे दाराकडची बाजू त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली. मी लवकर निघते हे त्यांनी पाहिलं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. उपासना चालू असताना त्या फक्त पुढे काय येणार ते सांगत राहिल्या. "आता बसायचं." "हे उत्तर आपण दोनदा म्हणतो." "प्रभुभोजनाला पुढे जायचं असेल तर माझ्यामागे या. नसेल जायचं तर इथेच थांबा, कुणी काही म्हणत नाही."

या शेवटच्या वाक्यावर मी आजही थांबते. नवख्या माणसाला सर्वांत मोठी भीती असते ती सगळ्यांसमोर चुकण्याची, आणि त्याच्या मागोमाग दुसरी, नको असलेल्या गोष्टीत ओढलं जाण्याची. त्यांनी एका दमात दोन्ही काढून टाकल्या.

बायबलच्या नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात अपुल्लो नावाचा विद्वान वक्ता सभास्थानात बोलतो. त्याच्या ज्ञानात उणीव आहे हे प्रिस्किल्ला आणि अक्‍विला यांच्या लक्षात येतं. ते त्याला भर सभेत टोकत नाहीत, बाजूला आपल्याकडे घेतात आणि मग समजावून सांगतात. तिथे जे मूळ ग्रीक क्रियापद आहे तेच प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, १५:७ मध्ये वापरलं आहे: ख्रिस्ताने तुमचा स्वीकार केला तसा तुम्ही एकमेकांचा स्वीकार करा. 'स्वीकार' हा शब्द मराठीत जरा औपचारिक वाटतो, अर्ज स्वीकारावा तसा. मूळ शब्दात माणसाला आपल्याकडे ओढून घेण्याची हालचाल आहे. ताईने बाकावर आत सरकून जे केलं ते त्या शब्दाच्या फार जवळचं होतं.

पुढच्या रविवारी तिची पिशवी बाकावर माझ्या जागी ठेवलेली होती. मी आले, तिने ती उचलली. तेराव्या रविवारी मी पहिल्यांदा शेवटच्या आशीर्वादापर्यंत थांबले.

चौथ्या महिन्यात तिने मला काम दिलं. वेदीच्या बाजूला भिंतीवर गीतांचे क्रमांक दाखवणारी लाकडी पाटी होती. शनिवारी संध्याकाळी गाणाऱ्यांचा सराव चालायचा, तेव्हा दुसऱ्या दिवसाच्या गीतांचे आकडे त्या पाटीवर लावायचे असत. ताईचा खांदा दुखावला होता, हात वर जात नव्हता. "तुम्ही उंच आहात, मला मदत लागेल," एवढंच म्हणाली. मला रमवण्यासाठी काढलेलं हे काम नव्हतं, तिची खरी अडचण होती. दोन्हींतला फरक नव्या माणसाला लगेच कळतो.

याच सुमारास तिने मला एकेक करून तिघांशी जोडून दिलं. नुसतं 'या अमुक, या तमुक' असं केलं नाही. एका मुलीला म्हणाली, "यापण रात्रपाळी करतात, तुझ्यासारख्याच झोपेचं गणित घालत असतात." एका गृहस्थांच्या वडिलांची तब्येत तेव्हा खालावत होती. त्यांना तिने, मला आधी विचारून, माझ्या वडिलांबद्दल सांगितलं. तिसऱ्या बाकावरच्या मावशींना म्हणाली, "पाटी आता या बघतात." तिन्ही ओळखींना पहिल्याच दिवशी खुंटी मिळाली.

हे का लागू पडलं

चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम या समाजशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये 'अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू' मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नियमित उपासनेला जाणारी माणसं आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळतात, हे आधीपासून दिसत होतं. ते कशामुळे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या पाहणीतून उत्तर आलं की त्या मंडळीतच जिवलग मित्र असणं इथे निर्णायक ठरतं. जी माणसं नेमाने येतात पण मंडळीत ज्यांचं कुणी नाही, त्यांच्यात हे वाढीव समाधान दिसत नाही. मी हे वाचलं तेव्हा मला माझे पहिले सात रविवार आठवले. प्रवचनं चांगली होती, गीतं चांगली होती, आणि मी घरी जाताना आले होते तशीच परतत होते.

जेफ्री हॉल या संशोधकाने मैत्रीला लागणारा वेळ मोजायचा प्रयत्न केला आहे. नुसती ओळख साध्या मैत्रीपर्यंत यायला त्याच्या अंदाजाने सुमारे ५० तास एकत्र जावे लागतात, जिवलग होण्यासाठी २०० हून अधिक. आता हिशेब करा. उपासना संपल्यावर अंगणात आपण वीसेक मिनिटं रेंगाळतो. तेवढ्यावर ५० तास भरायचे तर १५० रविवार हवेत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. तोवर नवा माणूस टिकत नाही. शनिवारचा पाटीचा तास, रविवारी चालत परतण्याची वीस मिनिटं, रात्रपाळीच्या आधी येणारा बुधवारचा फोन, या सगळ्यांनी आमचे ५० तास आठ महिन्यांच्या आत भरले. ताईने असा काही हिशेब केला नव्हता, हे सांगायला नकोच. पण मंडळ्यांमध्ये स्वागताचा विचार दारापाशी संपतो आणि तासांचा विचार कुणी करत नाही, हे मला इथे स्पष्ट म्हणायचं आहे.

जिथे तुटलं

दुसऱ्या वर्षी ताईची आई आजारी पडली आणि ताई दहा आठवडे दुसऱ्या गावी राहिली. मी त्यानंतरचे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी रात्रपाळी होती, म्हणून गेले नाही. चौथ्या रविवारी नव्हती, तरी गेले नाही. असे एकूण पाच रविवार.

कुणाचं भांडण नाही, कुणाचा शब्द लागलेला नाही. मी शेवटच्या बाकावर बसले की शेजारची रिकामी जागा दिसायची आणि मी पुन्हा पाहुणी व्हायचे. त्या तीन ओळखी माझ्या होत्या, पण अजून ताईमधून जात होत्या. मंडळीतही मी सगळ्यांना 'ताईंची मैत्रीण' म्हणून माहीत होते, त्यामुळे ताई नसताना मी दिसले नाही तरी ते सगळ्यांना साहजिकच वाटलं. मी रुळले आहे असं सर्वांनी धरलं होतं. मीही तसंच धरलं होतं.

पाचवा रविवार चुकल्यावर ताईचा फोन आला. आईबद्दल बोलली, तिच्या झोपेबद्दल बोलली. मी जात नाही हे तिला कळलं होतं की नाही, ते बोलण्यावरून समजलं नाही. ठेवताना म्हणाली, "मी तिथे नसताना तुम्ही जाता ना, याचा मला आधार वाटतो." मी त्यावर काहीच बोलू शकले नाही. पुढच्या रविवारी गेले. शेवटच्या बाकावर न बसता तिसऱ्या बाकावर मावशींच्या शेजारी बसले, कारण त्या मला एकटीला मागे बसू देणार नाहीत याची मला खात्री होती. मावशींनी काही विचारलं नाही. त्यांनी पिशवीतून आकड्यांचा डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला, इतकंच. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग मला हाच वाटतो. एकाच माणसाने कितीही प्रेमाने आत आणलं, तरी तो माणूस बिजागरी होऊन बसतो आणि सगळं दार त्याच्यावर पेललेलं राहतं. ताईने इतरांशी जोडून दिलं होतं हे तिचं शहाणपण. पण त्या धाग्यांवर भार टाकून पाहणं माझ्याकडे होतं, आणि ते मी केलं नव्हतं.

आभार आणि ऋण

ताई परतल्यानंतर वर्षभर मी तिला कशालाच 'नाही' म्हटलं नाही. रविवारच्या शाळेत बदली शिक्षिका, आजारी सभासदांच्या भेटी, वार्षिक सभेचा हिशेब तपासणं. रात्रपाळी करून तीन तास झोपून मी मुलांना येशूचे दाखले शिकवायला उभी राहायचे. मला वाटायचं, ही कृतज्ञता. आतून मात्र चिडचिड साचत होती, आणि चिडचिड होते याची लाज त्याहून जास्त.

फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नेमका हा गुंता तपासला होता. मदत करणाऱ्याला परतफेडीची जितकी अपेक्षा आहे असं वाटतं, तितकी मदत घेणाऱ्याची कृतज्ञता घटते आणि ऋणाची भावना वाढते, असं त्यांना दिसलं. म्हणजे कृतज्ञता आणि ऋण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण मराठीत 'उपकार' आणि 'उपकाराचं ओझं' असे दोन प्रयोग सहज करतो, ते उगाच नाही. माझ्या बाबतीत अपेक्षा ताईची नव्हतीच. ती मीच तिच्या नावावर मांडली होती.

हे तिनेच ओळखलं. एका रविवारी चालत घरी जाताना म्हणाली, "तुम्ही मला कधी नाही म्हणत नाही, हे मला बरं वाटत नाही. मैत्रिणी नाही म्हणतात." पुढच्याच आठवड्यात तिने वर्गाबद्दल विचारलं आणि मी म्हटलं, "नाही गं, मला झोपायचं आहे. तू दुसरं कुणी बघ." तोवर दोन वर्षं मी तिला 'अहो, तुम्ही' म्हणत होते आणि तीही मला तसंच. ते 'तू' तोंडातून कसं निघालं, मला कळलं नाही. ती थांबली, हसली आणि म्हणाली, "बरं. झोप तू." त्यानंतर आम्ही कधी मागे गेलो नाही.

पत्र

हे सगळं तिला सांगावं असं तिसऱ्या वर्षापासून मनात होतं. पण रोज भेटणाऱ्या माणसाला काय आभार मानायचे, तिला माहीत असणारच, उगीच दोघींना अवघडल्यासारखं होईल, असं म्हणत वर्ष गेलं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये आभाराची पत्रं लिहायला लावून जो अभ्यास केला त्यात हीच चूक दिसली. पत्र मिळणाऱ्याला किती अवघड वाटेल हे लिहिणारे वाढवून धरतात, आणि त्याला किती आश्चर्य व आनंद वाटेल हे कमी धरतात.

एवढंच असतं तर मी कदाचित तरीही गप्प राहिले असते. मला हलवलं ते नव्या करारातल्या बर्णबाने. पौल, तेव्हाचा शौल, यरुशलेममध्ये शिष्यांत मिसळायला गेला तेव्हा सगळे त्याला भीत होते. त्याने कालपर्यंत त्यांचाच छळ केला होता. कृत्यांच्या नवव्या अध्यायात लिहिलं आहे की बर्णबाने त्याला जवळ घेऊन प्रेषितांकडे नेलं आणि त्याच्या वतीने तो बोलला. पुढे अकराव्या अध्यायात बर्णबा त्याला शोधायला तार्सला जातो आणि अंत्युखियाला घेऊन येतो. दोघं तिथे वर्षभर मंडळीबरोबर राहतात. नंतर योहान मार्क या सोबत्यावरून त्यांच्यात तीव्र मतभेद होतो आणि ते वेगळे होतात. पौल आभार मानण्यात कंजूष मुळीच नाही. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय फिबी, प्रिस्का, अक्‍विला अशा नावांनी भरलेला आहे. बर्णबाचं नावही त्याच्या पत्रांत येतं. पण यरुशलेममधल्या त्या दिवसाबद्दल बर्णबाला उद्देशून आभाराचा एक शब्दही नव्या करारातल्या त्याच्या पत्रांत नाही. तोंडी म्हटला असेल, म्हटला असावा अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. आमच्यात भांडण नव्हतं, दोघी हयात होतो, एकाच बाकावर बसत होतो. मी कसली वाट बघत होते?

पानभर पत्र लिहिलं. 'तू फार चांगली आहेस' असं काही न लिहिता घडलेल्या गोष्टी लिहिल्या: आत सरकलीस, पिशवी ठेवलीस, तिसरं कडवं, दहा आठवड्यांतला तो फोन. शनिवारी पाटीचं काम झाल्यावर तिच्या हातात दिलं. तिने तिथेच उभ्याने वाचलं. गाणारे निघून गेले होते. डोळे पुसले, पुन्हा वाचलं. तिसऱ्या कडव्याचं तिला काहीच आठवत नव्हतं. मग एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'तू नसतीस तर मी आज या मंडळीत नसते.'

"हे खोड," ती म्हणाली.

मला वाटलं, संकोच. पण ती गंभीर होती. "हे एवढं माझ्यावर नको टाकूस. उद्या मी नसले तर? आणि हे खरंही नाही. मी दहा आठवडे नव्हते, तेव्हा पाटी कोण लावत होतं, विचारलंस कधी?"

कधीच विचारलं नव्हतं. पाच रविवार मी गेले नाही, त्या पाचही रविवारी गीतांचे क्रमांक भिंतीवर होतेच, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. सत्तरी उलटलेल्या मावशी दर शनिवारी स्टुलावर चढून आकडे लावत होत्या. गाणाऱ्यांपैकी एका उंच मुलाने काम मागितलं होतं, त्याला त्यांनी नको म्हटलं होतं. डबा कपाटात न ठेवता स्वतःच्या पिशवीत ठेवत होत्या, मी येईन त्या दिवशी हाताशी असावा म्हणून.

मी ती ओळ खोडली. ताईने पत्र घडी करून पवित्र शास्त्रात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर मावशींना गाठलं आणि दोन वर्षं उशिरा विचारलं, की त्या मुलालाच का नाही दिलं काम, तुम्ही पडला असता तर? त्यांनी चष्मा पुसत माझ्याकडे पाहिलं.

"त्याला दिलं असतं, मग तू आल्यावर तुला काय दिलं असतं?" म्हणाल्या. आणि बाकावरून उठायला माझा हात धरत, "त्या स्टुलाचा एक पाय हलतो बरं का. तेवढा बघून घे."